मदत हवी आहे: कंपनीच्या लॉबिंगचा तपशील भागधारकाने कसा मागावा?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. शेअर बाजारात नोंद असलेल्या एका खाण कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. सरकारी धोरण ठरताना कंपनी कुणामार्फत काय मागते, त्यावर किती खर्च करते, हे मला जाणून घ्यायचे आहे. इथल्या गावांचे पाणी, शेती, रस्ते त्या धोरणावर अवलंबून आहेत, त्यामुळे विषय सोडणार नाही.

वार्षिक अहवालातला बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल) वाचला. त्यातल्या सातव्या, म्हणजे सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्याविषयीच्या तत्त्वाखाली कंपनी सदस्य असलेल्या उद्योगसंघटनांची नावे आहेत; पण कोणत्या धोरणाचा पाठपुरावा केला, तो तक्ता ऐच्छिक म्हणून कोराच. कंपनी सेक्रेटरींना मेल केला, तर 'आम्ही कायद्याचे पालन करतो' एवढेच उत्तर आले. राजकीय देणग्या कंपनी कायद्याच्या कलम 182 खाली येतात, तो मुद्दा इथे नको.

त्याच कायद्याच्या कलम 111 खाली भागधारकांनी ठराव मांडायला एक दशांश मताधिकार लागतो, तो आम्हा किरकोळ भागधारकांकडून जमणार नाही. वकीलही परवडणारा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन आहे, वक्ता म्हणून नाव दिले आहे.

सभेत विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यायला कंपनी बांधील असते का? आणि सेबीच्या स्टुअर्डशिप कोडचा (फंडांनी गुंतवणूक केलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवून त्यांच्याशी संवाद साधावा, ही नियमावली) हवाला देऊन म्युच्युअल फंडांना हा विषय लावून धरायला कुणी सांगितले आहे का, पत्र नेमके कुणाच्या नावे लिहावे?