सायफाय पिक्चरमधली गुलामी : 'रूपक' म्हणायचं का 'अन्योक्ती'?

चौकस :
सायफाय पिक्चरमधे रोबॉट, परग्रहवासी वगैरे दाखवून खरं तर गुलामगिरी आणि वर्णद्वेषाबद्दल बोललेलं असतं, त्या प्रकाराला मराठीत नेमकं काय म्हणायचं? अ‍ॅलेगरीला सर्रास 'रूपक' लिहितात पण मला ते खटकतंय, का ते नीट सांगता येत नाहीये. आणि स्लेव्हला गुलाम लिहू का दास?

पानगळ :
गुलामच लिहा. 'दास' मराठीत भक्तीत मुरलेला शब्द आहे, दास आपणहून कुणाचा तरी झालेला असतो, साखळ्या घालून जहाजातून नेलेली माणसं आपणहून गेली नव्हती. फुल्यांच्या १८७३च्या पुस्तकाचं नावच 'गुलामगिरी' आणि ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना, मग याच विषयासाठी दुसरा शब्द शोधायचाच कशाला.
'रोबॉट'चं 'यंत्रमानव' करतानाही जरा थांबा. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून हा शब्द जगभर गेला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. त्या नाटकातले रोबॉट लोखंडाचे नाहीतच, कारखान्यात बनवलेली हाडामांसासारखी माणसं आहेत, राबायला केलेली, आणि शेवटी ती उठाव करतात. यंत्रमानव म्हटलं की यंत्र उरतं, वेठ गळून जाते.

उंबरठा :
रूपक खटकतंय ते अगदी बरोबर आहे. रूपक अलंकारात उपमेय आणि उपमान एकच असं धरतात, म्हणजे तुम्ही 'रोबॉट हे काळ्या माणसाचं रूपक' लिहिलंत की काळा माणूस = रोबॉट असं समीकरण होऊन बसतं. इथेच घोळ आहे, कारण रोबॉट खरंच बनवलेला असतो, परग्रहवासी खरंच वेगळ्या जातीचा प्राणी असतो, आणि काळी माणसं वेगळी नव्हतीच, ती वेगळी आहेत हे तर मालकांनी रचलेलं खोटं होतं!
म्हणून मी 'अन्योक्ती' म्हणेन. एकाला उद्देशून बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याला, लेकी बोले सुने लागे. इथे उपमेयाचं नावच घ्यायचं नसतं. 'ब्लेड रनर' (१९८२) बघा, रिप्लिकंट म्हणजे राबायला बनवलेली कृत्रिम माणसं, पळालेल्या रिप्लिकंटला ठार मारणं हा खून नाही, त्याला 'रिटायर करणं' म्हणतात, त्यांच्यासाठी 'स्किन-जॉब' अशी शिवी आहे आणि आयुष्य चार वर्षांचं, मालकाने ठरवलेलं. हे सगळं बोलणं रिप्लिकंटबद्दल नाहीचे, ते मारणाऱ्याबद्दल आणि खुर्चीत बसून बघणाऱ्याबद्दल आहे. पळालेल्याला शोधून आणायचं काम पगारावर करणारी माणसं खरोखर होती, अमेरिकेतल्या १८५०च्या कायद्याने तर जिथे गुलामी नव्हती अशा राज्यांतूनसुद्धा पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा लागायचा.

पानगळ :
अन्योक्ती पटली पण तिचा एक तोटा आहे आणि तो लेखात यायलाच हवा. ज्याचं दुःख त्याचंच नाव न घेता बोलायचं म्हणजे तो माणूस पडद्यावरूनच गायब होतो. 'ब्लेड रनर'मधे भविष्यातलं लॉस एंजेलिस दाखवलंय, गुलामीबद्दल बोलतायत आणि त्यात महत्त्वाचं काळं पात्र एकही नाही, पळालेले चौघंही गोरेच. 'डिस्ट्रिक्ट नाइन' (२००९) तर अजून अवघड. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मधे फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढे ६० हजारांवर लोकांना तिथून उचलून केप फ्लॅट्सवर नेऊन टाकलं, त्याची आठवण त्या नावातच आहे, जोहान्सबर्गमधल्या झोपडपट्टीत कोंडलेल्या परग्रहवासीयांचे हाल बघून जीव तुटतो, आणि त्याच पिक्चरमधे नायजेरियन लोक मात्र नुसते गुंड आणि नरभक्षक! नायजेरियाच्या सरकारने आक्षेप घेतला तो उगाच नाही.
याउलट 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४). पळालेला परग्रहवासी स्वतःच काळा माणूस, मुका, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीत येतो, मागावर दोन गोरे. इथे अन्योक्ती आहे आणि माणूसही आहे, मला यातला हाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

चौकस :
हे दोन्ही घेतो. 'डिस्ट्रिक्ट नाइन'मधे परग्रहवासीयांना देतात त्या 'प्रॉन' या शिवीचं काय करू, कोळंबी?

उंबरठा :
नको नको, कोळंबी म्हटलं की शिवी मरते. जोहान्सबर्गमधे 'पार्कटाउन प्रॉन' म्हणून एक मोठा किडा असतो, रातकिड्याच्या गोतातला, लोकांना त्याची प्रचंड किळस, तिथल्या माणसाला आधी तो आठवणार. शिवाय पिक्चरमधेच सांगितलंय की उष्टंखरकटं खाऊन जगणारा या अर्थाने म्हणतात. 'प्रॉन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात हे सांगा.