मदत हवी आहे: २०१९ मधल्या अटकेचे कागद कसे मागवायचे? (धुळे जिल्हा)

केळीचं_पान:

नमस्कार मंडळी. भाच्याच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही धुळे जिल्ह्यातले, तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही.

२०१९ ला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत गावात दोन गल्ल्यांचा वाद झाला. रात्री पोलीस आले आणि चौकात सापडतील ती पोरं गाडीत घातली. त्यात माझा भाचाही होता. तेव्हा १९ वर्षांचा, कॉलेजात शिकत होता. रात्रभर पोलीस स्टेशनला बसवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी साहेबांसमोर उभं केलं, कागदांवर सह्या घेतल्या आणि सोडलं. भाऊ जामीन राहिला एवढं त्याला आठवतं. हातात एकही कागद दिला नाही. त्यानंतर ना समन्स आलं, ना कोणी विचारायला आलं. आम्हाला वाटलं विषय मिटला.

आता तो पोलीस शिपाई भरतीत निवडला गेला आहे. मैदानी आणि लेखी, दोन्ही स्वतःच्या बळावर. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळताना आम्ही त्याला वर्षानुवर्षं पाहिलंय. आता साक्षांकन नमुना (नेमणुकीआधी पूर्वइतिहास तपासण्याचा फॉर्म) भरायचा आहे आणि त्यात सरळ विचारलंय की कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का. काय लिहायचं तेच कळत नाही, कारण त्या रात्री नेमकं काय झालं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. गुन्हा होता की नुसतंच बसवून ठेवलं?

भाऊ पोलीस स्टेशनला जाऊन आला. समोर बसलेल्यांनी सांगितलं, जुनं रेकॉर्ड असं मिळत नाही, वकील लावा. गावातले काहीजण म्हणतात, काहीच लिहू नका, इतक्या वर्षांनी कुठे काय निघतंय. मला ते पटत नाही. पोरगं घाबरून गेलंय, धड जेवत नाही. हे कागद मागायचा रीतसर मार्ग काय? माहितीच्या अधिकारात मी माझ्या नावाने अर्ज केला तर चालेल का? त्याने केला तर उगाच डोळ्यावर येईल अशी भीती वाटते.

रावेरकर:

ताई, जास्त कागदांच्या मागे लागू नका. कोणीतरी ओळखीचा साहेब काढा, तो रजिस्टर बघून सांगेल आणि जमलं तर नावही काढून टाकेल. आमच्याकडे असंच करतात.

तापीकाठ:

रावेरकर भाऊ, राग मानू नका, पण हा सल्ला पोराला बुडवेल. पोलीस स्टेशनच्या नोंदी एकाच वहीत नसतात. गुन्हा असेल तर एफआयआरची प्रत कोर्टात गेलेली असते, माहिती सीसीटीएनएसमध्ये (पोलिसांच्या संगणकीय नोंद प्रणालीत) भरलेली असते, तहसीलला काही पाठवलं असेल तर तिथे आवक नंबर पडलेला असतो. एका जागचं नाव खोडलं तरी बाकी सगळीकडे राहतं, शिवाय सरकारी नोंद खोडणं हा स्वतंत्र गुन्हा. भरती पोलीस खात्याची आहे, पडताळणीही तेच करणार.

ताई, मी फौजदारी कोर्टात नकलांच्या टेबलावर नोकरी केली आहे. तुमच्या वर्णनावरून दोन शक्यता दिसतात. त्यातली कोणती हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली शक्यता: गुन्हा दाखलच नव्हता, प्रतिबंधक कारवाई होती. आपल्याकडे तिला चॅप्टर केस म्हणतात. २०१९ ला जुना कायदा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता होती, तेव्हा कलम १५१ खाली शांतता राखण्यासाठी ताब्यात घ्यायचे आणि कलम १०७ चा प्रस्ताव कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदारांकडे पाठवायचे. तिथे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेऊन सोडतात. या बंधपत्राची मुदत एक वर्षापेक्षा जास्त असू शकत नाही. समन्स आलं नाही, खटला चालला नाही, भाऊ जामीन राहिला, हे सगळं या प्रकारात बसतं. तो ‘साहेब’ कोर्टातला होता की तहसील कचेरीतला, हे भाच्याला नीट आठवायला सांगा. इमारत आठवली तरी पुरे.

दुसरी शक्यता: दंगलीचा गुन्हा दाखल होता, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १४३, १४७ वगैरे, आणि जामीन कोर्टातून झाला. तसं असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) असणारच. मग पुढे दोषारोपपत्र गेलं का, की पोलिसांनी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवली, ते पाहावं लागेल. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी कोर्टाने मंजूर केली असेल तर त्या आदेशाची नक्कल सर्वांत मोलाची.

सुरुवात घरबसल्या करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहता येतात. जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून विसर्जनाच्या दिवसाच्या आसपास शोधा. सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. दंगलीचा गुन्हा सहसा दिसतो. मात्र पोर्टलवर दिसला नाही म्हणजे गुन्हा नव्हता, असं धरू नका.

नंबर सापडला तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर धुळे जिल्हा, तालुक्याचं कोर्ट, पोलीस स्टेशन, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून केस शोधा. निकाली लागलेल्याही दिसतात. मग त्या कोर्टात नकलेचा अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. आरोपी स्वतः अर्ज करतो तेव्हा फार अडचण येत नाही.

शहाद्याची_वकील:

तापीकाठ काकांनी वाट बरोबर सांगितली. माहिती अधिकाराचं मी सांगते, कारण तिथेच लोक अडकतात.

ताई, अर्ज तुम्ही करू नका, भाच्यालाच करू द्या. तुम्ही त्याची आत्या असलात तरी कायद्याच्या नजरेत तिसरी व्यक्ती. वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) दाखवून नकार येईल. स्वतःची माहिती स्वतः मागितली तर ते कारण उरत नाही. सोबत आधारची प्रत जोडा. डोळ्यावर येण्याची भीती मनातून काढा. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, आणि त्याची पडताळणी तर होणारच आहे.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यामध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कहाणी लिहू नका. ‘मला का पकडलं’ असाही प्रश्न नको. कागद मागा. साधारण असं:

‘दि. अमुक ते अमुक या काळात आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत माझ्याविरुद्ध झालेल्या अटकेच्या किंवा प्रतिबंधक कारवाईच्या खालील नोंदींच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: अटक नोंदवहीतील नोंद, स्टेशन डायरीतील नोंद, प्रतिबंधक कारवाईच्या नोंदवहीतील नोंद, एफआयआर असल्यास त्याची प्रत, तहसील कार्यालयास प्रस्ताव पाठवला असल्यास त्याचा जावक क्रमांक व दिनांक. नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ‘नोंद नाही’ हे लेखी उत्तरही तुमच्या कामाचं आहे.

असाच दुसरा अर्ज तहसील कार्यालयाला, बंधपत्र आणि चॅप्टर केसच्या आदेशासाठी. पोलिसांच्या अर्जावर जन माहिती अधिकारी नेमका कोण हे पोलीस ठाण्यातल्या फलकावर असतं. चुकून दुसऱ्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, त्यानंतर दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. ‘तपास चालू आहे’ असं सांगून कलम ८(१)(एच) लावलं तर अपिलात लिहा की माहिती दिल्याने तपासाला नेमका कसा अडथळा येईल हे त्यांनी दाखवायला हवं. दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये हेच सांगितलंय.

काही लिहू नका म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल, २०१६. नमुन्यात विचारलेली माहिती दडवली तर केवळ त्या कारणाने निवड रद्द होऊ शकते. उलट तरुण वयातलं किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते सोडून देण्याची मोकळीक त्याच निकालात आहे. खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की असं मी सांगणार नाही, तो निर्णय त्यांचा असतो. पण चॅप्टर केस असेल तर ती शिक्षा नाही आणि गुन्ह्याचा खटलाही नाही, हे तुम्हाला कागदावर दाखवता येईल.

उधना_ते_नवापूर:

धाग्यात मध्येच विचारतो. आम्ही नंदुरबारचे पण राहायला सुरतला. भावाला सुरतमध्ये पकडलं होतं. त्याचे कागदही इथूनच मिळतील का?

तापीकाठ:

नाही भाऊ. गुन्हा जिथे नोंदला त्या राज्याकडेच मागायचं. सुरतचं गुजरात पोलिसांकडे, सेंधव्याला पकडलं असेल तर मध्य प्रदेशकडे. रेल्वेतलं असेल तर तेही वेगळं. भुसावळ स्टेशनातला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो, जळगावच्या जिल्हा पोलिसांकडे अर्ज टाकून वेळ जातो.

केळीचं_पान:

खूप आधार वाटला. भाच्याला विचारलं. तो म्हणतो कचेरीबाहेर सातबारा, रेशनकार्डवाल्यांची गर्दी होती आणि स्टॅम्प वेंडर बसलेले होते. म्हणजे तहसीलच असणार. दोन्ही अर्ज त्याच्याच हाताने लिहून घेतले आहेत. पण नमुना जमा करायची तारीख ३० दिवसांच्या आत येते. तोवर उत्तर आलं नाही तर रकाना कोरा सोडायचा का?

शहाद्याची_वकील:

कोरा सोडू नका आणि ‘नाही’ असंही लिहू नका. जे माहीत आहे ते लिहा: तारीख, पोलीस ठाणं, रात्रभर ताब्यात होतो, दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात बंधपत्रावर सोडलं, गुन्हा नोंदल्याची माहिती मला मिळालेली नाही, नोंदींच्या प्रती मागवल्या आहेत. जागा अपुरी पडली तर वेगळं पान जोडून त्यावर सही करा आणि दोन्ही अर्जांच्या पोचची झेरॉक्स लावा. पोचवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख आहे ना ते काउंटरवरून हलण्याआधी बघायला सांगा. प्रती आल्या की त्याच कार्यालयात पुरवणी पत्रासोबत द्या, त्याचीही पोच घ्या.