मदत हवी आहे: बहिणीला रेस्पिरेटरी थेरपी करायचीय, मणिपालला पाठवू की मिरजेतच काही बघू?

नमस्कार मंडळी,

मी पलूसचा. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप. एमबीबीएस होणार नाही हे तिनं स्वतःच मान्य केलंय आणि नीट रिपीट करायची तिची तयारी नाही. घरचे सगळे म्हणतात नर्सिंगला घाला, मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पोरगी डोळ्यासमोर राहील. तिचं मात्र एकच: रेस्पिरेटरी थेरपी, म्हणजे श्वासाचा त्रास असलेल्या पेशंटचे उपचार आणि मशीन सांभाळायचं शिक्षण.

कारण घरातलंच आहे. आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. आयुष्यभर चुलीपुढं बसली, विडी-सिगारेटचा संबंध नाही. गेल्या पावसाळ्यात मिरजेत आयसीयूत ठेवावं लागलं, आधी बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन), मग व्हेंटिलेटर. तिथं एक ताई होत्या, डॉक्टर नव्हेत आणि नर्सही नव्हेत. मनगटातून रक्त काढायच्या, रिपोर्ट बघून डॉक्टरांशी बोलायच्या आणि मशीनचं सेटिंग बदलायच्या. आम्ही ऑक्सिजन वाढवा म्हणून मागं लागलो होतो, तर त्यांनी शांतपणे समजावलं की आईसारख्या पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायचा, जास्त दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. आम्हाला ते तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. बहिणीनं त्यांना गाठून शिक्षण विचारलं, तर बीएससी रेस्पिरेटरी थेरपी, कर्नाटकातून. आई घरी आली, बरी आहे. बहिणीनं तेव्हापासून दुसरा विषय काढलेला नाही.

आता माझी अडचण. आमचं घर उसाच्या बिलावर चालतं. मणिपालला पाठवायचं तर शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. ते काढायला मी तयार आहे, पण चार वर्षांनी तिला सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात काम मिळेल का? भूल तंत्रज्ञाचा कोर्स करून हेच काम करता येतं असं एकानं सांगितलं, ते कितपत खरं? आणि कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय विचारायचं? कुणी या क्षेत्रात असेल तर कृपया सविस्तर सांगा.

रात्रपाळी:

दादा, मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, सध्या पुण्यात. तुमच्या बहिणीनं बरोबर हेरलंय, तिला अडवू नका.

आधी कोर्सचं. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. मणिपाल, वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता, इथं ही पदवी मिळते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री. मुलांना वाटतं हे सगळं एमबीबीएसवाल्यांचं, आपल्याला कशाला. पण पुढं एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट, वाचायला बसलं की तेच लागतं. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, हे आकडे कुणीही पाठ करेल. पेशंटचा कार्बन डायऑक्साइड ६० आहे आणि पीएच तरीही जवळपास नॉर्मल आहे, म्हणजे हा जुना आजार आहे, मूत्रपिंडानं सांभाळून घेतलंय, याला घाईनं ४० वर आणायचं नाही, हे कळायला तो पाया लागतो. तुमच्या आईच्या बाबतीत त्या ताई हेच बघत असणार.

काम फक्त व्हेंटिलेटरचं नाही. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्यातला (इंग्रजीत कफ) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राहतोय ना ते बघणं, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), नेब्युलायझेशन (औषधाची वाफ देणं), ब्रॉन्कोस्कोपीला (दुर्बिणीनं श्वासनलिका तपासायला) मदत, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी), झोपेची तपासणी, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला सीपॅप (नाकातून सतत दाबानं हवा देणारं मशीन) लावणं. त्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो, कमी झाला तर जीव जातो. रात्री तीन वाजता ते संभाळायचं असतं. रात्रपाळी, कफ, रक्त आणि मृत्यू हे सगळं तिला रोज बघावं लागेल. हे तिच्याशी स्पष्ट बोला, लपवू नका.

कॉलेजला गेलात की इमारत आणि हॉस्टेल नंतर बघा. आधी विचारा, शिकवणाऱ्यांत स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट किती आहेत? विद्यार्थ्यांना आयसीयूत कुठल्या वर्षापासून पाठवतात, आणि तिथं व्हेंटिलेटरला हात लावू देतात की लांब उभं करतात? एनआयसीयूची पाळी मिळते का? इंटर्नशिप त्यांच्याच दवाखान्यात आहे का, विद्यावेतन किती? पदवीवर नाव काय छापून येतं, तेही विचारा. अंतिम वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठलंत तर अर्धी उत्तरं तिथंच मिळतील.

वानलेसवाडी_नाका:

मी मिरजेत भूल तंत्रज्ञ आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) केलाय, सरकारी फीमध्ये. आमचं मुख्य काम ऑपरेशन थिएटरमध्ये: भूल देण्याचं यंत्र तपासणं, नळी घालायची तयारी, ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञांच्या हाताशी राहणं. व्हेंटिलेटर आम्हालाही येतो, आणि लहान दवाखान्यात आयसीयूत आमच्याकडूनच काम करून घेतात. त्यामुळं "हेच काम" म्हणणारा अगदी खोटं बोलत नाही. पण पेशंटला हळूहळू व्हेंटिलेटरवरून सोडवणं, घरी गेल्यावरचे श्वासाचे व्यायाम, हे आमच्या शिक्षणात तितकं नाही. कर्जाचं ओझं नको असेल तर आमचा रस्ता चांगला आहे. तिला आयसीयूच हवं असेल तर रेस्पिरेटरी थेरपीलाच पाठवा.

पलूसकर (धागाकर्ता):

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीला वाचून दाखवलं. बाळाचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, तेच शिकायचंय. आता दोनच प्रश्न: आपल्या भागात नोकरी, आणि पुढं परदेशी जायचं म्हटलं तर?

रात्रपाळी:

या पदाच्या नावानं जाहिरात आपल्याकडं कमी निघते, हे खरं आहे. मोठ्या आयसीयूत जागा असतात. लहान दवाखान्यात स्वतः जाऊन छातीविकारतज्ज्ञांना भेटावं लागतं. पहिली दोन-तीन वर्षं पुणे, मुंबई, बंगळूर अशा ठिकाणी काढायची तयारी ठेवा, मग मिरज-कऱ्हाडकडं येताना हातात अनुभव असतो आणि पगाराचं बोलता येतं. आखाती देशांत मागणी आहे, पण तिथं डेटाफ्लो नावाच्या संस्थेकडून कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिक ही संगणकावरची परवाना परीक्षा आणि अनुभव लागतो. अमेरिकेची आशा दाखवून कुणी जास्त फी मागत असेल तर सावध राहा. तिथल्या परीक्षेला बसायला साधारणपणे तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजचं शिक्षण लागतं.

आणि २०२१ मध्ये या सगळ्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झालाय. त्यामुळं प्रवेशाआधी त्या कॉलेजची विद्यापीठाची मान्यता लेखी बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. बँकेलाही कर्जासाठी तोच कागद लागेल.

बहिणीला माझ्याशी बोलायचं असेल तर इथं व्यक्तिगत निरोप पाठवा. दुपारी चारनंतर, झोप झाल्यावर.