पेटीभर किवी एकदम पिकू नयेत म्हणून काय करावं?

कोपरखैरणेकर:
वाशीच्या फळबाजारातून हिरव्या किवीची पेटी आणली आहे. फळं दगडासारखी टणक. खाणारी माणसं तीनच. बाहेर ठेवली तर सगळी एकदम मऊ पडतील, फ्रिजमध्ये टाकली तर पिकणार नाहीत, अशी पंचाईत. ओट्यावरच्या दोन फळांची साल सुरकुतली, पण आतून ती कडकच. आंब्यासारखी तांदळाच्या डब्यात घातली तर चालेल का?

कच्चा_माल:
अख्खी पेटी पिकवायचीच नाही. आधी निवडा: देठाकडे ओलसर डाग, करडी बुरशी किंवा आंबूस वास असेल ते फळ बाहेर काढा. एक सडलं की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची फळंही मऊ पडायला लागतात. किवी या वायूला फार हळवं, म्हणून तर शीतगृहात ते शून्य अंशाच्या आसपास आणि इतर फळांपासून वेगळं ठेवतात.

बाकीची फळं न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद, पेर, चिकू, टोमॅटो नको. पिशवी गच्च बांधली तर आत पाणी धरून बुरशी येते, उघडी ठेवली तर साल सुरकुतते. असं ठेवलेलं टणक फळ तीन-चार आठवडे सहज टिकतं.

खायच्या तीन-चार दिवस आधी पाच-सहा फळं काढा. खाकी कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं घालून तोंड दुमडा, चिकटवू नका. पिकताना फळ श्वास घेतं, त्याला हवा लागते. दुसऱ्या दिवसापासून रोज तपासा. फळाचं पोट दाबू नका, तिथे डाग पडतो. देठाजवळ अंगठा हलकेच टेकवा. किंचित दबलं की झालं. मग परत फ्रिजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवा.

घोडबंदर_रोड:
केळ्याऐवजी सफरचंद चालतंच की.

कच्चा_माल:
चालतं, पण शीतगृहातून आलेलं, मेण चोपडलेलं सफरचंद वायू कमी सोडतं. ठिपके पडलेलं वेलची केळं जास्त भरवशाचं.

सुपारीबाग:
तांदळाचा डबा नको. वायू कोंडतो हे खरं, पण फळ रोज बघता येत नाही आणि एखादं फुटलं तर तांदूळ चिकट होऊन किडे होतात. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात स्वयंपाकघर तिशीच्या पार जातं. त्या उष्णतेत फळ असमान पिकतं: बाहेरून मऊ, मधला पांढरा गाभा कडक, आणि आंबूस वास. पिशवी फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे गरम असतं. घरातला सगळ्यात गार कोपरा शोधा.

सुरकुतलेल्या फळांबद्दल: साल आकसणं म्हणजे पाणी उडणं, पिकणं नव्हे. पंख्याच्या वाऱ्यात ते लवकर होतं. फळ मुळात कोवळं तोडलेलं असेल तर ते मऊ होईल, पण गोड होणार नाही. न्यूझीलंडमध्ये तोडणीसाठी गोडीचं किमान माप ६.२ ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेची साधारण टक्केवारी) धरतात. स्टार्चची साखर झाल्यावर पिकलेल्या फळात ते साधारण दुप्पट होतं. मुळात साठाच कमी असेल तर केळं तरी काय करणार?

कोपरखैरणेकर:
समजलं. मऊ झालेली जास्त उरली तर मिल्कशेक करू का?

सुपारीबाग:
ताबडतोब प्यायचा असेल तरच. न शिजवलेल्या किवीतलं ॲक्टिनिडीन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, थोड्या वेळात शेक कडू होतो. जिलेटिनची जेलीही घट्ट बसत नाही. उकळलं तर ते निकामी होतं, गोठवून होत नाही. म्हणून फ्रीझरमधल्या फोडींनाही हेच लागू. फोडी साठवायच्या तर सोलून, ताटात सुट्या पसरून आधी कडक करा, मग पिशवीत भरा. आणि घरात कुणाला लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असेल तर त्यांना किवी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.