नैरोबीत कुणी विचारत नाही, पण...

पिवळ्या तापाची लस म्हणजे उगाच खर्च, नैरोबी विमानतळावर कुणी ढुंकूनही बघत नाही, असं केनियाच्या सहलीबद्दल कुणीतरी लिहिलंय. अर्धं बरोबर आहे. भारतातून थेट केनियात जाणाऱ्याकडे ते पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचा दाखला, सहसा मागत नाहीत, कारण भारतात हा रोगच नाही. प्रश्न परतताना येतो. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, त्यामुळे मुंबईत उतरल्यावर आपलेच आरोग्य अधिकारी कार्ड मागतात. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मसाई मारा बघून तिथूनच झांझिबारला जाणार असाल तर टांझानियाही कार्ड मागतो, कारण तुम्ही केनियातून आलेले असता.

लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तीही ठरावीक वारी, आणि कार्ड लागू होतं ते टोचल्यानंतर 10 दिवसांनी. म्हणजे तिकीट काढलं की आधी हेच काम. एकदा घेतली की जन्मभर चालते, हा त्यातला दिलासा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

आणि हो, थेपले-चिवडा न्या बिनधास्त, पण दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत कोंबून नको. केनियात 2017 पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड भलताच जबर. आमच्याकडे सगळा फराळ स्टीलच्या डब्यांत गेला, बॅग जड झाली इतकंच.