दृष्टिपटलातील पोटॅशियमचे चढउतार आणि ईआरजीच्या लहरी यांचा संबंध काय?

प्रश्न
नमस्कार. शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ईआरजीचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या विद्युत-आलेखाचा अभ्यास करताना मला दोन विसंगत विधाने आढळली. एका जुन्या पुस्तकात बी-लहर, म्हणजे प्रकाशानंतर आलेखात उमटणारी मोठी धन लहर, म्युलर पेशींमध्ये (दृष्टिपटलाच्या आधारपेशींमध्ये) पोटॅशियममुळे निर्माण होते असे म्हटले आहे, तर नव्या टिपणांत ती द्विध्रुवी पेशींची, म्हणजे प्रकाशग्राही पेशींचे संदेश पुढे नेणाऱ्या चेतापेशींची, मानली आहे. शिवाय प्रकाश पडल्यावर पोटॅशियम वाढते असे एक लेखक सांगतो आणि दुसरा ते घटते असे म्हणतो. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर १
वाढते आणि घटते ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. फक्त ती दृष्टिपटलाच्या वेगवेगळ्या थरांविषयी आहेत. अंधारात दंडपेशींच्या (मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या) बाह्य खंडातील आयनांचे मार्ग उघडे असतात, त्यांतून सोडियम आत येत राहते आणि अंतःखंडातून पोटॅशियम बाहेर पडत राहते. प्रकाशाने ते मार्ग मिटले की पोटॅशियमची गळती कमी होते, परंतु पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप लगेच मंदावत नाही. त्यामुळे दंडपेशींभोवतीच्या जागेतले पोटॅशियम, जे अंधारात सुमारे ५ मिलिमोल प्रतिलिटर असते, ते काही सेकंदांत ३ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. पुढे पेशीतले सोडियम घटल्यामुळे पंपही मंदावतो आणि पातळी अंशतः सावरते. याउलट आतल्या जाळीस्तरात, म्हणजे चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात त्या थरात, प्रकाशाने चेतापेशी उद्दीपित होतात व तेथे पोटॅशियम वाढते.

बाहेरच्या थरातील ही घट दोन ठिकाणी जाणवते. रंजकस्तराच्या, म्हणजे दृष्टिपटलामागील रंगद्रव्ययुक्त पेशींच्या थराच्या, दृष्टिपटलाकडील पटलाचा विद्युतभार अधिक ऋण होतो आणि कॉर्नियावर धन लहर उमटते, तर म्युलर पेशींचे बाहेरचे टोक ऋण झाल्यामुळे ऋण लहर उमटते, जिला मंद पी-तीन म्हणतात. आपण जिला सी-लहर म्हणतो, ती या दोन विरुद्ध लहरींची बेरीज आहे. दृष्टिपटल रंजकस्तरापासून वेगळे केले की धन लहर नाहीशी होते आणि केवळ मंद पी-तीन उरते, हा या विषयातला मला सर्वांत पटणारा पुरावा आहे.

उत्तर २
बी-लहरीविषयी थोडा इतिहास सांगतो. मिलर आणि डाउलिंग यांनी १९७० मध्ये म्युलर पेशींच्या आत इलेक्ट्रोड घालून केलेल्या नोंदी बी-लहरीशी मिळत्याजुळत्या निघाल्या, आणि म्हणून ती लहर पोटॅशियममुळे निर्माण होते ही कल्पना रुजली. ती कल्पना निष्काळजी नव्हती, कारण या पेशी खरोखरच पोटॅशियमला अतिशय संवेदनशील असतात आणि जादा पोटॅशियम काचरसाकडच्या (डोळ्यातील पारदर्शक गराकडच्या) टोकातून बाहेर सोडतात. पण बेरियमने म्युलर पेशींचे पोटॅशियम-मार्ग रोखले असता मंद पी-तीन नाहीशी होते, बी-लहर मात्र टिकून राहते. दुसरीकडे प्रकाशाने उद्दीपित होणाऱ्या द्विध्रुवी पेशींचे एमग्लूआर-सहा हे ग्राही नसलेल्या उंदरांत बी-लहर दिसत नाही. त्यामुळे आपली नवी टिपणे मुख्यतः बरोबर आहेत. म्युलर पेशींचा वाटा पूर्णपणे शून्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग रुग्णांच्या ईआरजी अहवालात सी-लहर का दिसत नाही?

उत्तर १
ती मंद असते. तिचे शिखर प्रकाशानंतर काही सेकंदांनी येते. नेहमीच्या तपासणीत यंत्राचा गाळक इतके मंद बदल कापून टाकतो आणि नोंदही तुलनेने थोडा वेळच घेतली जाते. शिवाय तेवढा वेळ डोळा अजिबात न हलवणे रुग्णाला कठीण जाते. कधी अभ्यासासाठी ती नोंदवली आणि लहान आढळली, तर रंजकस्तर बिघडला असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण म्युलर पेशींचा ऋण वाटा वाढला तरीही बेरीज लहानच येईल.