अनुभव धागा : दगडात पाहिलेलं

पावसाळा सरत आला की भटकंतीचे बेत सुरू होतात आणि यादीत पुन्हा तीच ती नावं येतात. या धाग्यावर फक्त दगडाबद्दल लिहूया. माणसाने कोरलेला असो किंवा निसर्गाने घडवलेला. नुसतं ठिकाणाचं नाव नको, तिथे नेमकं काय पाहायचं आणि केव्हा जायचं तेही सांगा.

सुरुवात मी करते, नाणेघाटापासून. जुन्नरकडून गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. लोक जकातीच्या रांजणाशेजारी फोटो काढतात आणि परततात. शक्य असेल त्यांनी वैशाखरे बाजूने चढून यावं. व्यापाऱ्यांची वाट म्हणजे काय ते पायांना कळतं. वर लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात कोरलेत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पावलांच्या थोड्या खुणा राहिल्या. वरची नावं मात्र आहेत. घराण्याचा संस्थापक सिमुक, त्याचं नाव आहे आणि त्याखाली मोकळी भिंत! मी तिथून लवकर हलूच शकत नाही.

सड्यावरचा
आमच्या रत्नागिरीकडची कातळशिल्पं बघायला या, पण भर दुपारी नको. डोक्यावर ऊन असलं की जांभा सपाट दिसतो, रेषा हरवतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या प्रकाशात खोदलेली कड उठून दिसते. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. पायाशी उभं राहिलात तर हत्ती आहे हे समजतच नाही, भोवतीने फिरावं लागतं. त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेत, ते एकेक शोधण्यात वेळ कसा जातो कळत नाही. 2022 साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कळकळीची विनंती : फोटोत रेषा उठाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरू नका, आणि चित्रावरून चालू नका.

पारनेरकर
निघोज. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे. पाणी कमी असताना वाकून तळाशी बघा, काही खळग्यांत गुळगुळीत गोटे दिसतील. पुराच्या भोवऱ्यात असेच गोटे गरगर फिरून हे रांजण कोरले गेलेत. कडा निसरड्या आहेत, पोरांचा हात सोडू नका. मळगंगेचं दर्शन घेऊन या.

अंधेरीची
गिल्बर्ट हिल! इमारतींच्या गराड्यात सुमारे 60 मीटर उंच उभे बेसॉल्टचे खांब. बहुतेक जण पायऱ्या चढून गावदेवीला जातात. खाली येऊन समोरूनही बघा, खांब तिथूनच दिसतात.

बेलफास्टहून
@अंधेरीची, इथला जायंट्स कॉजवे पाहताना मला तुमचीच टेकडी आठवली. लाव्हा थंड होताना आकसला आणि उभ्या भेगा पडून खांब तयार झाले, प्रक्रिया तीच. इथे सुमारे 40,000 खांब आहेत, बरेचसे षटकोनी, थेट समुद्रात उतरत गेलेले. पाण्याजवळचे काळे दगड फार घसरतात, तिथे जपून.

वेरूळप्रेमी
कैलास लेण्यात शिरण्याआधी बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघा. आठव्या शतकात कळसापासून खाली कोरत नेलेलं काम आहे, ते वरूनच नीट उमगतं. मग खाली दक्षिणेकडचं रावणाचं शिल्प. तो कैलास हलवतोय, पार्वतीने शंकराचा दंड घट्ट धरलाय, मागे एक दासी पळत सुटलीये. ती दासी चुकवू नका. अख्ख्या पटातली भीती तिच्या एकटीच्या अंगात उतरलीये असं मला वाटतं. आईला गुडघ्यांमुळे डोंगर चढता आला नाही, पण याच शिल्पासमोर ती बराच वेळ बसून होती. मंगळवारी लेणी बंद असतात.

कुशावतीकाठची
गोव्याला येताय तर किनारा सोडून एक दिवस पणसायमळला द्या. नदीकाठच्या जांभ्यावर बैल, हरणं आणि एक गोल चक्रव्यूह कोरलेला आहे. चक्रव्यूहाच्या रेषेवरून नुसती नजर फिरवत मध्यापर्यंत जाऊन बघा. पावसाळ्यात नदीचं पाणी चढतं, तेव्हा पाऊस पूर्ण थांबल्यावरच या. रिवणहून पुढे स्वतःची गाडी असलेली बरी.